सातबारा कोरा, पीक उभे

अहिल्यानगर शहरातून मनमाड रस्त्याने निघाले की नागापूर लागते. गावाचे नाव आता औद्योगिक वसाहतीलाच जास्त चिकटले आहे. ‘नागापूरला कामाला आहे’ म्हटले की ऐकणारा कारखाना गृहीत धरतो. इथल्या एखाद्या घरात मेमरी कार्ड दोन वेगळ्या धंद्यांतून येऊ शकते. वादापुरते असे एक घर आणि त्यातली दोन माणसे उभी करू. नाना लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा पुतण्या कारखान्यात सीएनसी मशिनवर सेटर आहे. घरात कॉम्प्युटर एक आणि त्याला लावायचा कार्ड रीडरही एकच. नानांचा दंडक असा की कार्ड फॉरमॅट करायचे ते कॅमेऱ्यात. कॉम्प्युटरने फॉरमॅट केलेले कार्ड त्यांना उष्टे वाटते. पुतण्याचे म्हणणे उलटे. कॅमेऱ्यात एकच बटण असते, कॉम्प्युटरवर सगळे पर्याय डोळ्यांसमोर असतात, तेव्हा फॉरमॅट तिथेच करावे. माझ्या मते दोघेही चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत. कार्ड कुठे फॉरमॅट करायचे हे ते आतापर्यंत कुठे होते यावरून ठरत नाही, करणाऱ्याच्या सवयीवरून तर नाहीच. ते कार्ड यापुढे कोण वाचणार आहे, यावरून ते ठरते.

पण त्याआधी फॉरमॅट या शब्दाचा गोंधळ निस्तरला पाहिजे, कारण दोघांचाही पाया तिथेच कच्चा आहे. नाना म्हणतील, “फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. लग्न झालं, फोटो उतरवून घेतले, पाटी कोरी.” पुतण्याही हेच धरून चालतो, फक्त पुसायचे फडके त्याला वेगळे हवे असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीच पुसले जात नाही. यासाठी पाटीपेक्षा सातबाऱ्याचा दाखला जास्त बरोबर बसतो. गावच्या दप्तरात कोणती जमीन कोणाची आणि तिच्यात काय पेरले आहे याची नोंद असते. जमीन मात्र दप्तरात नसते, ती शिवारात असते. कार्डातही तसेच दप्तर असते. कोणती फाइल कोणत्या कप्प्यापासून सुरू होते आणि पुढे कुठे कुठे जाते याचा तो तक्ता. फॅट ही पद्धत त्या तक्त्याच्याच नावाने ओळखली जाते. तुम्ही एक फोटो डिलीट करता तेव्हा त्याच्या नोंदीतले पहिले अक्षर बदलून ‘ही जागा मोकळी’ अशी खूण केली जाते. ‘क्विक फॉरमॅट’ करता तेव्हा तलाठ्याने जुने दप्तर बाजूला सारून नवे कोरे दप्तर मांडावे तसे होते. सातबारा कोरा होतो, पण शिवारातले पीक उभेच राहते. (राजकीय सभांतला ‘सातबारा कोरा’ वेगळा, तिथे कर्ज जाते.) त्या जागेत नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना फोटो तिथेच पडून असतो, आणि फुकट मिळणारे साधे रिकव्हरी सॉफ्टवेअरही शिवारभर फिरून तो शोधून आणू शकते.

पुतण्या इथे थांबवेल. “नाना, तुमचं कॅमेऱ्यातलं फॉरमॅट पण मग तेवढंच की. दप्तरच बदलतं ते.” बरोबर आहे. बहुतेक कॅमेरे तेवढेच करतात; काहींमध्ये ‘लो लेव्हल फॉरमॅट’ अशी वेगळी टिकमार्क असते, ती फार थोडे लोक करतात. म्हणजे ‘कॅमेऱ्याने स्वच्छ होते, कॉम्प्युटरने नाही’ हा नानांचा समज टिकत नाही. पण पुतण्याच्या हाती लागलेला हा मुद्दा त्याच्याही अंगावर येतो. दोन्हीकडे दप्तरच बदलत असेल, तर कॉम्प्युटरवरचे ते चार पर्याय कशाचे? ते दप्तर कोणत्या लिपीत लिहायचे याचे.

ती खिडकी एकदा नीट बघण्यासारखी आहे. विंडोजमध्ये कार्डाच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट’ निवडले की एक उभट, करडी चौकट येते: वर क्षमता, खाली फाइल सिस्टिम, मग अ‍ॅलोकेशन युनिट, मग नाव द्यायची जागा, आणि तळाशी ‘क्विक फॉरमॅट’समोर आधीच केलेली टिक. मायक्रोसॉफ्टचे निवृत्त अभियंते डेव्ह प्लमर यांनी सांगितले आहे की ही चौकट त्यांनी १९९४ च्या अखेरीस एका गुरुवारी सकाळी तात्पुरती म्हणून लिहिली. नंतर कोणीतरी नीट करेल असे तेव्हा धरले होते. ती अजून तशीच आहे. फॅट-३२ साठी ३२ जीबीची मर्यादा घालायची हेही त्याच सकाळी, अंदाजाने ठरले. त्या मर्यादेमुळे पुढची कित्येक वर्षे या चौकटीत ६४ जीबीचे कार्ड घातले की यादीत फॅट-३२ दिसतच नसे. एक्सफॅट आणि एनटीएफएस एवढेच दिसे. आणि ‘एनटीएफएस म्हणजे नवीन, म्हणून चांगलं’ असे समजून कोणी ते निवडले, की कार्ड कॅमेऱ्यात घातल्यावर कॅमेरा त्याला ओळख देत नाही. कार्ड धडधाकट असते. दप्तर कॅमेऱ्याला न येणाऱ्या लिपीत लिहिलेले असते, इतकेच.

मेमरी कार्डांच्या जगात ही लिपी मनाला येईल तशी ठरत नाही. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड आणले, २००० मध्ये एसडी असोसिएशन स्थापन झाली आणि तिने आकारमानाप्रमाणे पद्धत नेमून दिली. २ जीबीपर्यंत जुनी फॅट, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत (एसडीएचसी, २००६) फॅट-३२, आणि ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंत (एसडीएक्ससी, २००९) एक्सफॅट. फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. अखंड व्हिडिओचे तुकडे पडतात ते बऱ्याचदा त्यामुळेच. कॅमेरा स्वतः फॉरमॅट करतो तेव्हा ही नेमणूक पाळतो, वर स्वतःला लागणारे फोल्डरही तयार करून ठेवतो. त्यामुळे कार्ड पुन्हा त्याच कॅमेऱ्यात जाणार असेल तर नानांचा दंडक योग्य आहे. कारण मात्र उष्ट्या-खरकट्याचे नाही. पुढचा वाचणारा कॅमेरा आहे. त्याचे दप्तर त्यालाच लिहू द्यावे.

“अहो पण सगळीकडे एकच मापदंड आहे म्हणता,” पुतण्या म्हणेल, “मग कॉम्प्युटरवर एक्सफॅट निवडून फॉरमॅट केलं तर कॅमेऱ्याला काय फरक पडतो?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला अर्धे मान्य करावे लागते. बहुतेक वेळा काही फरक पडत नाही, कॅमेरा मुकाट चालतो. फरक बारीक आहे. कार्डातल्या चिपला एकेक अक्षर खोडता येत नाही, मोठे ठोकळेच्या ठोकळे एकदम साफ करावे लागतात. दप्तराच्या सीमा या ठोकळ्यांच्या बांधांशी जुळल्या नाहीत तर लिहिण्याचा वेग मार खातो. विंडोजची ती चौकट हे बांध बघायला बनलेलीच नाही. म्हणून एसडी असोसिएशन स्वतःचे ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ फुकट देते आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या फॉरमॅटऐवजी तेच वापरा असे सांगते. कॉम्प्युटरवर करायचेच असेल तर ते साधन घ्यावे. त्यात पद्धत निवडायचा प्रश्नच ठेवलेला नाही. कार्डाचे आकारमान पाहून ते स्वतः ठरवते. पुतण्याला प्रिय असलेले पर्याय तिथे मुद्दाम काढून टाकले आहेत, हे त्याने ध्यानात घ्यावे.

आता पुतण्याच्या बाजूचे. त्याच्या कारखान्यातल्या जुन्या सीएनसी मशिनच्या कंट्रोलला बाजूने एक खाच असते, तिथे अ‍ॅडॉप्टरमध्ये घातलेले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसते. प्रोग्रॅम आत न्यायचे, पॅरामीटरचा बॅकअप बाहेर आणायचा, ही त्या कार्डाची कामे. असे बरेच जुने कंट्रोल २ जीबीच्या आतले, जुन्या फॅटचे कार्डच वाचतात. बाजारात आता तसे लहान कार्ड सहज मिळत नाही, मोठे घेतले तर कंट्रोल ते उघडत नाही, आणि शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटे उरलेली असतात. इथे नानांचा दंडक कुचकामी ठरतो. कॅमेऱ्याने फॉरमॅट केलेल्या मोठ्या कार्डाचा या मशिनला उपयोग नाही. आणि नुकताच सांगितलेला फॉरमॅटर एसडी कार्डांसाठी असल्याने तोही इथे कामाचा नाही. लहान विभाग पाडून त्यावर फॅट मांडणे कॉम्प्युटरशिवाय होत नाही. पुढचा वाचणारा तो म्हातारा कंट्रोल आहे आणि त्याला एकच लिपी येते. पुतण्याचा हट्ट अशा एका मशिनपुरता शंभर टक्के बरोबर आहे. चूक एवढीच की तेथून तो सगळ्या कार्डांना तोच नियम लावतो.

दोघांच्या वादात एक तिसरा वाचणारा कोणी धरलेलाच नाही, आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे परका माणूस. जुना मोबाइल एक्स्चेंजला देताना त्यात विसरलेले कार्ड, विकलेला कॅमेरा, दुकानात गाणी भरायला दिलेले कार्ड, शेजारच्या मुलाला ‘घे वापर’ म्हणून दिलेले कार्ड. इथे नाना बिनधास्त म्हणतात, “फॉरमॅट मारून दिलंय, काळजी नको.” काळजी इथेच हवी. सातबारा कोरा करून शेत परक्याच्या ताब्यात दिले आणि आत नवऱ्या मुलीच्या हळदीचे फोटो, घरच्यांची आधार कार्डे, बँकेच्या पासबुकाची पाने असे उभे पीक. इथे दप्तर बदलून भागत नाही, नांगर फिरवावा लागतो. घरच्या कॉम्प्युटरवर त्याचा मार्ग त्या करड्या चौकटीतच आहे: तळाशी असलेली ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढायची. विस्टा आल्यापासून विंडोज टिक काढलेल्या फॉरमॅटमध्ये संपूर्ण कार्डावर शून्ये लिहीत जाते. त्याआधीच्या एक्सपीमध्ये तेच फॉरमॅट फक्त खराब जागा तपासत असे, म्हणून जुन्या माणसांचा ‘फुल फॉरमॅटनेही परत मिळतं’ हा अनुभव त्यांच्या काळापुरता खरा होता. एसडी असोसिएशनच्या साधनात हाच पर्याय ‘ओव्हरराइट फॉरमॅट’ या नावाने आहे.

यावर नानांचे दोन आक्षेप येतील. पहिला वेळेचा: “तासभर कोण बसणार?” हिशेब बरोबर आहे, सेकंदाला २० एमबी वेगाने लिहिणाऱ्या ६४ जीबीच्या कार्डाला सुमारे ५३ मिनिटे लागतात. पण माणसाला बसावे लागत नाही, कॉम्प्युटर बसतो. दुसरा आक्षेप आयुष्याचा: सगळीकडे लिहिल्याने कार्ड झिजते. झिजते हे खरे. चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो, आणि स्वस्त कार्डांत ती संख्या शेकड्यांत ते काही हजारांत असते. पण एकदा पूर्ण लिहिणे म्हणजे त्यातली एक फेरी. दर लग्नानंतर पूर्ण फॉरमॅट करणे हा वेडेपणा होईल. घराबाहेर जाणाऱ्या कार्डावर एकदा करणे ही झीज मोजण्याइतकीही नाही.

पुतण्याचा आक्षेप यापेक्षा टोकदार आहे. “शून्यं लिहिली तरी सगळीकडे पोचतात कशावरून? कार्डात आपला आपण जागा बदलणारा कंट्रोलर असतो.” त्याने नेमके दुखणे पकडले. एकाच कप्प्याची झीज होऊ नये म्हणून कार्डातला कंट्रोलर आपल्याला दिसणारे पत्ते आणि प्रत्यक्ष कप्पे यांची सतत अदलाबदल करतो, शिवाय काही कप्पे राखीव ठेवतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणजे तिथे आकडा बदलला. दप्तरातला आकडा तोच राहून शिवारातला तुकडा रोज बदलत राहिला असता तर जे झाले असते, ते कार्डाच्या आत चालते. म्हणून शून्ये लिहिल्यावरही एखाद्या राखीव कोपऱ्यात जुन्या फोटोचा तुकडा राहू शकतो. मात्र तो कार्ड रीडर लावून कुणाला दिसत नाही; चिप उघडून थेट वाचणारी प्रयोगशाळा लागते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत माध्यमातली माहिती नष्ट करण्याच्या ‘क्लिअर’, ‘पर्ज’, ‘डिस्ट्रॉय’ अशा तीन पायऱ्या मांडल्या त्या याचसाठी. शेजारच्या मुलाला द्यायच्या कार्डाला पहिली पायरी, म्हणजे शून्ये लिहिणे, पुरते. कारखान्याच्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असलेले कार्ड भंगारात टाकायचे असेल तर फॉरमॅटच्या नादी न लागता ते चिपसकट तोडलेले बरे. एवढ्याशा वस्तूसाठी यापेक्षा जास्त विचार करायचे कारण दिसत नाही.

चौथा वाचणारा क्वचित येतो, पण आला की फॉरमॅटच्या बटणाला हातही लावू नये. तो म्हणजे न्यायालय. वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये चोरी झाली आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात कार्ड आहे, असे समजा. असे कॅमेरे कार्ड भरले की सर्वात जुन्यावर नवे लिहीत जातात, त्यामुळे पहिले काम कार्ड बाहेर काढणे हेच. सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१९ रोजी केरळमधल्या एका खटल्यात मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ असल्याचा निर्वाळा दिला. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, १४ जुलै २०२० रोजी, त्याच न्यायालयाने नकलेसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मूळ उपकरणच हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडाही लिहावा लागतो. ‘कॉपी काढून ठेवली, आता कार्ड मोकळं करू’ हा नानांचा शिस्तीचा वाटणारा शिरस्ता इथे मूळच नाहीसे करतो.

राहिला एक भ्रम, जो दोघांनाही आहे: फॉरमॅट हे औषध आहे. कार्ड घातल्यावर कॉम्प्युटर म्हणतो, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’, आणि माणूस ‘हो’ दाबतो, जणू डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली. कॉम्प्युटरला एवढेच म्हणायचे असते की हे दप्तर मला वाचता येत नाही. ते खराब झालेले असू शकते, किंवा त्याला न येणाऱ्या लिपीतले असू शकते. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडता येते. तसे जोडले की ते त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होते आणि कॉम्प्युटरला अगदी कोरे-बिघडलेले भासते. तिथे ‘हो’ दाबणे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडणे. फोटो हवे असतील तर ‘नाही’ म्हणावे, कार्ड त्याच्या मूळ फोनमध्ये घालून बघावे, आणि तिथेही दिसले नाही तर काहीही न लिहिता आधी रिकव्हरी करावी.

नाना अजून एक आशा धरून असतात: ३२ जीबीचे कार्ड कॉम्प्युटर २९.८ दाखवतो, फॉरमॅट केले की उरलेले मिळेल. ते मिळत नाही, कारण ते गेलेलेच नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माप बदलले, माल तेवढाच. स्वस्तात घेतलेले ‘२५६ जीबी’चे बनावट कार्डही फॉरमॅटने खरे होत नाही. त्याचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, फॉरमॅटही तीच मान्य करतो, आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो हवेत लिहिले जातात. ते उघडे पाडायला पूर्ण भरून परत वाचणारे एच-टू-टेस्टडब्ल्यूसारखे साधन लागते. आणि ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून अडलेल्या एसडी कार्डाच्या कडेची ती इवलीशी पट्टी खाली सरकली आहे का, हे फॉरमॅटच्या आधी नखाने बघावे. पट्टी जागेवर असूनही कार्ड लिहू देत नसेल तर त्याचे आयुष्य बहुधा संपले आहे. त्यातले वाचता येईल तेवढे काढून घ्यावे.

एवढे सगळे झाल्यावर पुतण्या विचारेल, “मग लग्नाचं कार्ड फॉरमॅट करायचं कधी? दोन ठिकाणी कॉपी झाली की लगेच, बरोबर?” दोन वेगळ्या डिस्कवर उतरवलेले, दोन्हीकडून चार फोटो उघडून पाहिलेले, मग फॉरमॅट, तांत्रिकदृष्ट्या यात काही चुकत नाही. नाना मान हलवतील. “अल्बम पोचायच्या आधी नवऱ्याचा मामा फोन करतो, आहेर देतानाचा आमचा फोटो नाही म्हणून. निवडताना आपण तो गाळलेला असतो.” त्यांचा मुहूर्त वेगळा आहे: अल्बम घरी गेला, पाहुण्यांनी पाहिला आणि पार्टीने शेवटचा हप्ता हातावर ठेवला, की कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट. पुतण्याला हा धंद्याचा हिशेब वाटेल. मला मात्र इथे नानांचीच बाजू घ्यावी लागते. हप्ता येईपर्यंत त्या कार्डाला अजून एक वाचणारा उरलेला असतो, तो म्हणजे नवऱ्याचा मामा.